पहिलं गिऱ्हाईक

दुकान थाटलं तेव्हा त्याच्या बिनपॉलिशच्या तांदळाकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. एकच गिऱ्हाईक रोज यायचं, चव घ्यायचं आणि एक पैसा न देता जायचं. त्या गिऱ्हाइकाचा हिरमोड व्हायला नको, एवढ्यासाठीच त्यानं दुकान कधी बंद केलं नाही.

आता तो म्हातारा झाला, गल्ल्यावर लेक बसते. एका दुपारी पोत्याला टेकून तो अर्धवट झोपेत असताना काचेचं दार आपोआप सरकलं. आत कुणीच आलेलं दिसेना.

"बाबा, हे दार पुन्हा बिघडलं. उद्या साधं बसवून घेते."

तो मूठभर तांदूळ घेऊन दाराशी गेला आणि खाली टाकले. उंबऱ्यावरची चिमणी टुणकन आत आली, त्याच्या पायाशी दाणे टिपू लागली.

"दार ठीक आहे गं. आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाची पणती आलीय."