कार्डावरची एक रात्र

"कार्ड चालतंय, मॅडम," काउंटरवरचा माणूस म्हणाला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

संगणकाच्या पडद्याकडे पाहत तो एकेक सांगत गेला. या कार्डावर वर्षातून एक रात्र मोफत. सकाळचा नाश्ता दोघांचा. कार्ड वरच्या दर्जाचं, म्हणून साध्या खोलीऐवजी अकराव्या मजल्यावरची मोठी खोली. उद्या चारपर्यंत सोडली तरी चालेल.

"पैसे काहीच पडणार नाहीत ना?" तिने पुन्हा विचारलं.

"एक पैसासुद्धा नाही."

तिला पैशांची फिकीर नव्हती. पैसे खर्च झाले की नवऱ्याच्या फोनवर संदेश वाजायचा. चपलेला टाके घातले तरी त्याला कळायचं. कळलं की संध्याकाळी चौकशी व्हायची, आणि चौकशी झाली की पुढचे चार दिवस तिला पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे लागायचे.

कार्ड नवऱ्यानेच हौसेने, स्वतःच्या कार्डाला जोडून, तिच्या नावाने काढलं होतं. चारचौघांत दाखवून झालं, मग त्याच्या टेबलाच्या खणात गेलं. आज तो कामावर गेल्यावर सासूबाईंनी ते काढून तिच्या हातात ठेवलं. "खर्च केलास तर त्याला कळेल. हे फुकट आहे, याचं त्याला काय कळणार?" मग तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी मला कोणी म्हटलं नाही, जा म्हणून. तू जा."

एकच रात्र काढायची होती. दुसऱ्या गावाहून तिचा भाऊ उद्या दुपारपर्यंत येणार होता. मैत्रिणींची, नात्यातली घरं नवऱ्याने तासाभरात पालथी घातली असती. असल्या हॉटेलात मात्र तो तिला शोधणारच नव्हता. बायकोला लिफ्टचं बटण दाबायची अक्कल नाही, असं तो लोकांना हसत हसत सांगायचा.

सात वर्षांच्या लेकीला, ठमीला, तिने सांगितलं होतं, आज शाळेला दांडी, आपण दोघी मज्जा करायला चाललोय. ठमीला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. एवढं एक तिने जपलं होतं. मार खाताना तिने कधी तोंडातून आवाज काढला नव्हता.

खोलीत शिरल्या शिरल्या ठमी पलंगावर उड्या मारून आली, पडदे सरकवून आली, न्हाणीघरात डोकावून आली.

"आई, इथे बेसिनं दोन आहेत! भांडण होऊ नये म्हणून असतील."

ती हसली. आपलाच आवाज ऐकून दचकली. मग खोलीतल्या फोनवरून तिने भावाला फोन लावला.

"दादा, पोचलो आम्ही."

"पहाटेची पहिली गाडी पकडतो. बाराच्या आत तिथे असेन. तोवर बाहेर पडू नकोस."

तिने तोंड धुतलं. कितीतरी दिवसांनी बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. ठमी कार्टून बघत होती.

संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. दादाच असेल म्हणून तिने लगबगीने उचलला.

"मॅडम, साहेब आलेत!" काउंटरवरच्या माणसाचा आवाज आनंदाने नुसता ओसंडत होता.

तिने मान वळवून दाराकडे पाहिलं.

"मोफत रात्र वापरली की मूळ कार्डधारकाला आपोआप संदेश जातो ना, तो बघून ऑफिसातून तडक निघाले म्हणे. तुम्हाला कळवू नका म्हणाले होते, गंमत करायचीय म्हणून. पण मलाच राहवलं नाही. दुसरी चावी दिलीय त्यांना."

"त्यांना वर पाठवू नका."

"पण मॅडम, मूळ कार्ड त्यांचं. म्हणजे खोली त्यांचीच झाली ना." त्याचा आवाज आता खाली आला होता. "आणि ते लिफ्टमध्ये आहेत."

ती धावली. दाराला आतून एक छोटी कडी होती. दोनदा कडी निसटली, तिसऱ्यांदा बसली. दादा अजून निघालाही नव्हता. ज्यांनी चावी दिली, त्यांनाच आता काय सांगायचं? वर येणाऱ्या माणसाचा हसरा चेहरा त्यांनी पाहिला होता. तिच्या हातावरचे वळ कोणी पाहिले नव्हते.

कुलपात टिक् असा आवाज झाला. दार दोन बोटं उघडलं आणि कडीला अडकलं.

"अगं, मी आहे," तो फटीतून म्हणाला. येणाऱ्याजाणाऱ्याने ऐकलं तर कौतुक वाटावं इतक्या गोड आवाजात. "काढ कडी. लोक बघतायत."

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. ठमीला जवळ घ्यावं म्हणून तिने पलंगाकडे पाहिलं.

पलंगावर ठमी नव्हती. टीव्ही चालू होता, पण कोणीतरी त्याचा आवाज बंद केला होता. पलीकडच्या भिंतीतल्या कपाटाचं दार किंचित उघडं होतं. आत टांगलेल्या पांढऱ्या झग्यांखाली ठमी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रडत नव्हती. घाबरलेलीही दिसत नव्हती. आपल्या चपला तिने आठवणीने आत घेतल्या होत्या.

तिने हात बाहेर काढून आईला खुणावलं.

"आई, ये ना लवकर," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "हे आपल्या घरच्यापेक्षा मोठं आहे. यात तू पण मावशील."