मळा पाहायचा राहिला

प्रवास माणसाला मोकळं करतो. अंजनेरीच्या पायथ्याशी बुटाची नाडी आवळताना मारोतरावांना हे एकदम पटलं. त्यांनी मान वर केली, तर समोर मेव्हणा डबा घेऊन उभा होता.

"काहून भाऊजी, आमाले न सांगता डोंगर चढून राह्यले?" बबनरावांनी मिठी मारली. मिठी जरा लांबली.

मारोतरावांनी मागे पाहिलं. त्यांच्या पत्नी विमलताई पायरीवर बसून शांतपणे संत्रं सोलत होत्या.

यवतमाळहून निघताना त्यांनी पत्नीला एकच अट घातली होती. नाशकातल्या नातेवाइकांना कळवायचं नाही. एक दिवस शहर, एक दिवस डोंगर, एक दिवस द्राक्षाचा मळा. त्यातही मळा मुख्य. निवृत्त झाल्यापासून ते मोबाइलवर मळेच पाहत होते. उतारावर शिस्तीत उभ्या वेली, पलीकडे तळं, आणि सावलीत टेबलाशी बसलेली माणसं, ज्यांना कापसाचा भाव कोणी विचारत नाही. नोकरीभर कापसाच्या गंज्यांमध्ये उभं राहिलेल्या माणसाला एकदा दुसऱ्या पिकात उभं राहायचं होतं.

पण आदल्या दिवशी लॉजच्या दारातच विमलताईंची चुलत बहीण नंदाबाई भेटली होती. "घर असताना लॉजवर? लोकं काय म्हनतीन?" असं म्हणत तिने बॅगा रिक्षात टाकल्यासुद्धा. घरी पातोडीचा रस्सा तयार होता. शेजारी मठ्ठ्याचा गडवा. नंदाबाईने वाढता वाढता त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"डोळे लाल दिसून राह्यले, भाऊजी."

"रातभर गाडीत झोप नाही झाली."

"हं," नंदाबाई म्हणाली, आणि अजून मठ्ठा ओतला. शहर त्यांनी तिच्या गॅलरीतून पाहिलं. समोर दुसरी गॅलरी होती.

डोंगराचंही तेच झालं. अर्ध्या वाटेवर बबनरावांनी डबा उघडला. जेवणानंतर डोंगर चढू नये, असं त्यांचं मत निघालं.

"वर काय हाये, भाऊजी? वरून खालचंच दिसते."

ते खालीच राहून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मात्र मारोतरावांनी कमालीची सावधगिरी बाळगली. 'गंगेवर, गोदाघाटावर जाऊन येतो' असं नंदाबाईला सांगितलं. कुठल्या मळ्यावर जायचं, ते फक्त विमलताईंना माहीत होतं. रिक्षावाल्यालासुद्धा नाव सांगितलं नाही. डावीकडे, उजवीकडे, असं हाताने दाखवत नेलं.

मळ्याच्या फाटकासमोर सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर बबनराव आणि नंदाबाई बसले होते. मधे मठ्ठ्याचा गडवा.

"या भाऊजी! बसा. इथूनच लय चांगलं दिसते." बबनराव उठले आणि त्यांनी मारोतरावांचा हात धरला. प्रेमाने धरला, पण सोडेनात.

दोन दिवसांचं सगळं मारोतरावांच्या तोंडाशी आलं. "यायले सांगून कोन राह्यलं?" ते ओरडले. फाटकावरचा रखवालदार उभा राहिला. "मी आलो कोठी, चाललो कोठी, यायले समजते कसं?"

बबनराव सतरंजीकडे पाहू लागले. नंदाबाईने पदर सावरला.

"म्या केले फोन," विमलताई म्हणाल्या.

"तू? कायले?"

"अंदर टेबलावर वाइन ठेवतेत, तुमाले मालूम हाये अन् मलेबी. सात वर्सं झाले तुमी सोडली." त्यांचा आवाज खाली आला. "एकटी मी तुमाले थांबवू शकली नसती. म्हनून यायले बलावलं."

 फाटकाच्या गजांतून वेली दिसत होत्या. मोबाइलमध्ये दिसत तशाच, शिस्तीत.

"मले येली पाह्याच्या होत्या, विमल."

"मंग पाह्यल्या ना आता? चला."

परतीच्या गाडीत विमलताईंना गाढ झोप लागली. मोठं संकट टळल्यावर लागते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळात त्यांनी नेहमीप्रमाणे बरणी मारोतरावांच्या हातात दिली. घरातलं दूध सात वर्षं तेच आणतात. डेअरी देशी दारूच्या दुकानाला लागून आहे. दोन्हींचा ओटा एकच.