सुनेचा हात
लातूरला रुग्णसेवेचा कोर्स करणारी शिल्पा दवाखान्यात अनोळखी म्हाताऱ्यांना बिनदिक्कत कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, वर थट्टाही करायची. रविवारी ती निलंग्याला सासरी आली, तर लकवा झालेल्या सासऱ्यांची पाठ पडून पडून चिघळली होती. तिनं पिशवीतून हातमोजे काढताच सासू कडाडली, "सून सासऱ्याच्या अंगाला हात लावती का कधी? गाव थुंकंल आमच्यावर!" "मग तुम्ही वळवा, आत्याबाई." "माझ्यानं ते धूड उचलतंय का? तुझा नवरा बघंल की." "त्यांना तर जखम बघूनच घेरी येती." तरी सासू दारातून हलली नाही. आढ्याकडं बघत पडलेल्या सासऱ्यांनी सगळं ऐकलं. लग्नापासून ते सुनेशी कधी थेट बोलले नव्हते. आता जड जिभेनं म्हणाले, "पोरी, मला तुझ्या दवाखान्यात भरती कर. तिथं तू कुणाची सून न्हाईस."