आतून आलेलं निळं

"इथे काहीतरी उतरलंय," वर्ग घेणाऱ्या ताई म्हणाल्या आणि सूनबाईच्या कागदापुढे गुडघ्यांवर बसल्या.

बाकीचेही सरकत जवळ आले. फरशीवर प्रत्येकापुढे आपापला कागद वाळत पडला होता. कुठे वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या, कुठे वाळू, कुठे मेणाचे ओघळ. या वर्गात ठरवून काही करायचं नव्हतं. आधी डोळे मिटून बसायचं, मग हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. रंग, चिंध्या, डिंक, हाताला लागेल ते. जे उमटेल ते आपण केलं म्हणायचं नाही, आपल्यातून आलं म्हणायचं. त्याला कुणाला देव म्हणायचं असेल तर त्याने देव म्हणावं, ताईंची काही हरकत नव्हती.

सूनबाईच्या कागदावर डावीकडे बँडेजचं जाळीदार कापड होतं, त्यावर चहात बुडवलेल्या कागदाचे तुकडे, आणि खाली कोपऱ्यात फुंकर मारून पसरवलेला निळ्या शाईचा डाग. तो डाग बघून निवृत्त दंतवैद्य डोळे पुसू लागले. ते दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या कागदावर रडायचे. सूनबाईच्या कागदावर आजच पहिल्यांदा रडले.

"करताना काय झालं?" ताईंनी हळूच विचारलं.

"काही कळलंच नाही," सूनबाई म्हणाली. "हात आपोआप गेला."

दाराजवळच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. आज घरच्यांना येऊन बघायची परवानगी होती, आणि सून एवढी नटूनथटून जाते कुठे, हे त्यांना बघायचंच होतं. आल्या आल्या त्यांनी समोरच्या भिंतीवरची बारीक अक्षरांतली पाटी खणखणीत आवाजात वाचून काढली होती: 'शांतता राखा. कुणाच्याही कामाला चांगलं-वाईट म्हणू नका.' सगळे हसले होते. तेव्हापासून त्या तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या. ते आता उघडलं.

"पण परवाच्यात निळं वर होतं," त्या म्हणाल्या. "मला बाई तेच जास्त आवडलं होतं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"परवाच्यात म्हणजे?" ताईंनी विचारलं.

सूनबाईचे कान तापले. गेला आठवडाभर घरच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर हेच चित्र वाळत होतं, पुन्हा पुन्हा केलेलं. सासूबाईंच्या टॉवेलांना चिमटे उरले नव्हते. जाळी कुठे, चहाचा कागद कुठे, फुंकर केवढ्या जोराने, सगळं तिने घोकलं होतं. करणार काय? इतके महिने सगळ्यांच्या कागदावर काही ना काही उतरत होतं, ते कागद वर्गाच्या भिंतीवर लागत होते आणि तिच्या कागदावर नुसता पसारा. तो बघून लोक दयेने "मोकळं आहे हं" म्हणायचे. शेवटी तिने वाट बघणं सोडून दिलं आणि गृहपाठ केला. डोळे तिने आजही मिटले होते, पण मिटल्या डोळ्यांआड ती पाठांतर म्हणत होती.

सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. एकदाच पाहिलं.

"अगं बाई, काय बोलले मी!" त्यांनी कपाळावर हात मारला. "घरी पडद्याचं कापड आणलंय, त्याच्याशी गल्लत झाली. डोळे अधू झालेत हो माझे. निळं काय नि हिरवं काय, सगळं सारखंच. म्हातारीचं काय मनावर घेता!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताईंनी त्यांना पाणी आणून दिलं, पेला नीट हातात धरवून. दंतवैद्यांनी आपल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, तेही ओरडून, कानही गेल्यासारखं. सासूबाई मान डोलवत राहिल्या.

सूनबाईला तेव्हाच बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. तिने खाली बघून कागदाची कड सरळ केली. तिला लाज वाटत होती. पण कागद भिंतीवर लागणार की नाही याची धाकधूक त्या लाजेहून मोठी होती, आणि या गोष्टीची आणखी लाज वाटत होती.

कागद लागला. भिंतीच्या मधोमध लागला.

निघताना ताईंनी सासूबाईंचा हात धरला. "जपून हं आजी, पुढे पायरी आहे." माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढणाऱ्या सासूबाईंनी पाऊल पुढे करून पायरी चाचपली. मग पुढची. दुसऱ्या बाजूने सुनेला हात धरणं भागच होतं. तिनेही "सावकाश, आई" म्हटलं.

कोपऱ्यावर वळेपर्यंत सासूबाई तशाच चाचपडत चालल्या. वळल्यावर म्हणाल्या, "सोड आता."

सूनबाईने हात सोडला. बसथांबा येईपर्यंत ती मनात एक वाक्य जुळवत होती. जुळवत होती, मोडत होती, पुन्हा जुळवत होती. थांब्यावर पोचल्यावर तिने तोंड उघडलं.

"आई, मघाशी मी..."

"चल, पुढे हो," सासूबाई म्हणाल्या. "आपलीच आहे ती."

सूनबाईने मान वळवली. रस्त्याच्या पार टोकाला एक लाल ठिपका हलत होता. त्यावरचा आकडा तिला काही केल्या वाचता येईना.