फुकटचं हैदराबाद

फकरोद्दीनच्या पत्राला अप्पारावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

उत्तर द्यायचंच नाही असं काही ठरलं नव्हतं. उलट ते चांगलं द्यायचं ठरलं होतं, तिथंच सगळं बिघडलं. फकरोद्दीन जाफराबादचा पोस्टमन. वाचनालयात पुस्तकांची पार्सलं तोच आणायचा आणि ग्रंथपाल अप्पारावांबरोबर अर्धा कप चहा पिऊन पुढं जायचा. रिटायर झाल्यावर तो मुलाकडे हैदराबादला राहायला गेला. तिथून त्यानं लिहिलं, “अप्पा, ये एकदा. खर्चा बिलकुल न्हाई. इथं फुकट बघायला इतकं हाय की तिकीट काढणारे येडे वाटतात. संध्याकाळी तलावाच्या बांधावर बसू. पाण्यात बुद्ध उभा हाय, बरोबर त्याच्या समोर एक बाकडं हाय. वारा फुकट.”

अप्पारावांना वाटलं, जाण्याआधी शहराची थोडी माहिती असावी. नाहीतर मित्रासमोर आपण अगदीच अडाणी दिसू. त्यांनी वाचनालयातली हैदराबादवरची पुस्तकं काढली. ती संपली तेव्हा पावसाळा सरला होता. आता उशीर का झाला हेही लिहिणं भाग होतं. उशिराचं कारण नीट मांडता मांडता आणखी उशीर झाला. फोन करावा, तर ‘हॅलो’च्या पुढं त्यांना फोनवर आजवर कधी काही सुचलं नव्हतं.

तोवर गावात पसरलं की अप्पाराव सरांना हैदराबाद पाठ आहे. कुणी दवाखान्यासाठी, कुणी लेकीकडे निघालेलं असायचं. जाण्याआधी माणूस वाचनालयाच्या पायरीवर येऊन विचारायचा, “सर, दोन दिवस हाव तिथं. कमी खर्चात काय बघावं?” आणि चारचौघांत तोंड न उघडणारे अप्पाराव खुलायचे. चारमिनारपाशी बांगड्यांच्या गल्लीत नुसतं फिरा, घ्यायलाच पाहिजे असं नाही. मशिदीच्या आवारात कबुतरं बघा. रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळा, कुणी हटकत नाही. हे सांगणारा माणूस जालन्याच्या बसस्थानकावर दर वेळी चुकीच्या गाडीपाशी उभा राहतो, हे ऐकणाऱ्याला माहीत नसायचं. “तुम्ही कधी गेल्ते सर?” असंही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ते चष्मा पुसत बसले असते.

शेवटी ते न चुकता म्हणायचे, “बाकी काही जमलं नाही तरी बुद्धासमोरच्या बाकड्यावर बसून या. वारा फुकट.” हे वाक्य आपलंच आहे, असं आता त्यांना वाटू लागलं होतं.

या वेळी बचत गटाच्या बायका निघाल्या. त्यात त्यांची बायको बेबीनंदाही होती.

“चला की तुम्ही बी,” ती म्हणाली.

“नवं पुस्तक आलंय, त्यातलं एक प्रकरण वाचायचं राहिलंय.”

“मंग ऱ्हावा. आम्ही बघून येतो, तुम्ही वाचून या.”

पाच दिवसांनी ती परतली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “भाऊ भेटले.”

“कोणते भाऊ?”

“फकरोद्दीन भाऊ. तुमच्याच बाकड्यावर.”

अप्पारावांचा हात चष्म्याकडे गेला.

“रोज संध्याकाळी तिथंच बसून ऱ्हातेत. आपली बोली कानावर पडली की इचारतेत, कुणी पाठवलं? जो तो सांगतो, अप्पाराव सरांनी. नागसेन गेल्ता, इमामबी गेल्ती. सर्जेराव तर दोनदा जाऊन आल्ता.”

“मला कुणी बोललं नाही.”

“भाऊंनीच बोलू देलं न्हाई. म्हणले, अप्पाला समजलं तर तो लाजंल, अन् मंग माणसं पाठवणं बंद करील.”

अप्पारावांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. “रागावलाय का?”

“मला बी तसंच वाटलं. तर हासाया लागले. म्हणले, वहिनी, जन्मभर दुसऱ्याची पत्रं वाटली, आता मला एक येत न्हाई. हा अप्पा एकेक माणूस पाठवून राह्यला. पाकिटावर पत्ता बराबर टाकतो. आतला कागद तेवढा घालायचा इसरतो.”

बेबीनंदा स्वयंपाकघरात गेली. अप्पाराव उघड्या पुस्तकासमोर बसून राहिले. राहिलेलं प्रकरण त्याच तलावाच्या बांधावर होतं. त्यांनी ते न वाचताच पुस्तक मिटलं.

पुढच्या आठवड्यात दोघं हातात पिशव्या घेऊन चौकात उभे होते. जालन्याला जाणारी जीप भरत होती. तिथून रात्रीची गाडी होती. अप्पारावांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं आणि ते पोस्टासमोरच्या लाल पेटीकडे निघाले.

“अवो, कुठं चालले? जीप सुटंल!”

“उत्तर टाकून येतो.”

बेबीनंदानं कपाळाला हात लावला. “तीन वर्षं टाकलं न्हाई, अन् आता टाकता? आपण सकाळी पोचू तिथं. हे चार दिवसांनी यील!”

“माहीत आहे,” अप्पाराव म्हणाले. “आपण आठवडाभर राहणार आहोत ना?”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अप्पारावांनी कार्ड एकदा वाचून पाहिलं. सवयीनं एखादा शब्द बदलावासा वाटला, पण पेन पिशवीत खाली होतं. त्यांनी कार्ड पेटीत सोडलं.

त्यावर दोनच ओळी होत्या :

“फकरोद्दीन, तुझं पत्र मिळालं.

आता हे कार्ड खाली ठेव आणि समोर बघ.”