स्वच्छ पडदा

"वनानेच बघायला हवं होतं," लीलाधरशेठ म्हणाले. "दाराशी एवढा पडदा लावलाय, तो काय शोभेला?"

भडगावजवळच्या त्यांच्या कोठारात केळी पिकवतात. बंद खोलीत पिकणारा माल हवा अशी जड करून ठेवतो की माणसाला श्वासापुरतीही उरत नाही. म्हणून दाराशेजारी हवा मोजणाऱ्या मशीनचा पडदा. त्यावर लाल ओळ दिसली की दार सताड उघडायचं आणि बाहेर बसून राहायचं, हा इथला नियम. परवा इथला कामगार वना आत गेला आणि त्याला उचलूनच बाहेर आणावं लागलं. तोवर जीव गेला होता.

त्या लाल ओळी लिहिणारा प्रोग्राम प्रज्ञाचा. धुळ्याहून, देवपुरातल्या ऑफिसातून, ती आणि तिचा साहेब भूपेंद्र मशीन तपासायला आले होते. वनाची बायको रुपली भिंतीशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"त्या देखीसनच मझार जायेत," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "लाल दिसनं तं बाहेर बठी राहेत."

प्रज्ञाने मशीनला लॅपटॉप जोडला. सिस्टीम स्वतःचं दुखणंखुपणं जिथे लिहिते त्या कर्नल लॉगमध्येच तिचा प्रोग्राम इशारे लिही, आणि तिथून ते पडद्यावर येत. प्रोग्रामांना तिथे लिहू द्यायचं का, याची एक सेटिंग असते. चालू, आवरतं म्हणजे मोजकंच, किंवा बंद. ती बंद होती.

"सर, मी आवरतं ठेवा म्हटलं होतं."

"बाहेरचे व्यापारी यायचे होते," भूपेंद्र हळूच म्हणाला. "शेठना पडदा स्वच्छ हवा होता. नंतर चालू करायचं राहून गेलं."

ही बंद सेटिंग मोठी सभ्य असते. चालत्या प्रोग्रामला ती तोंडावर नाही म्हणत नाही. त्याने दिलेला इशारा सिस्टीम फेकून देते आणि वर त्याला कळवते, मिळाला, सगळा लिहिला. प्रोग्राम बिचारा समाधानाने पुढच्या कामाला लागतो.

"ताई, मशीन बोलनं नही का?" रुपलीने विचारलं.

भूपेंद्रने प्रज्ञाकडे पाहिलं. नोकरी हवी असेल तर गप्प बस, इतकं सरळ ते पाहणं होतं. प्रज्ञाला त्याची किळस आली. थोडी स्वतःचीही, कारण क्षणभर तिनेही नोकरीचाच विचार केला होता.

"बोलत होतं, वहिनी. त्याचं लिहिणं आम्हीच बंद केलं होतं. पडद्यावर काही आलंच नाही. वनाभाऊंनी बघितलंच असणार. त्यांची चूक नाही."

लीलाधरशेठ फोन कानाला लावून बाहेर गेले.

रुपली भूपेंद्रकडे वळली. साहेब कोण, हे तिला कळत होतं. "भाऊ, ताईनी सांगं ते लिखी ल्या. त्यासनी चूक नही व्हती, हाई बी लिखा."

"घेतलं, अक्का," भूपेंद्र अदबीने म्हणाला. त्याचे दोन्ही हात खिशात होते. "सगळं लिहून घेतलं."

रुपलीने त्याला हात जोडले आणि ती समाधानाने घराकडे निघाली.