दोन गाठींचा दोरा

या, जवळ सरका. मागे खांबाला टेकलेल्या आयाबायांनो, तुम्ही तर अगदी पुढे या. आज गोष्ट सांगतो ती देवाची नाही, बाईच्या अंगातल्या कपड्याची आहे. ऐकून झाल्यावर दोन्ही एकमेकांपासून फार लांबची वाटली, तर मला बोल लावा.

सन साठ-बासष्टचा सुमार. शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरी गावात रामनवमीची सकाळ. मंदिरात पाळणा सजत होता आणि अनुसयाबाई ओसरीवर एक खोकं मांडीवर घेऊन बसली होती. डोळे भरलेले.

रामजन्माचा पाळणा गावात तीच म्हणायची. पण तिसऱ्या बाळंतपणानंतर अंग भरलं. चोळी सैल शिवली तर खांदे ओढायचे, घट्ट शिवली तर श्वास अडायचा. मागच्या नवमीला तिसऱ्या कडव्यात दम तुटला. राम जन्मला आणि पाळणा मुका झाला. मंदिरातले कीर्तनकार बुवा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पुढल्या वर्षी बघू, बाई. जमलं तर तुम्ही, नाही तर दुसरं कोणी."

खोकं आलं होतं स्वीडनहून. मिशनच्या दवाखान्यातल्या एल्सा सिस्टर सुट्टीवर मायदेशी जाण्याआधी तिला तपासायला घरी आल्या होत्या. "आजार नाही. आधार पाहिजे," असं त्या म्हणाल्या. टेप जवळ नव्हती. मग पूजेच्या ताटातली नाडाछडी उचलली, तो लाल-पिवळा दोरा छातीखालून फिरवला आणि जुळला तिथे गाठ मारली. पुन्हा छातीवरून फिरवला, थोडी पुढे दुसरी गाठ.

आता खोक्यात चिकटवलेलं कागदाचं पुडकं होतं. आत चोळीखाली घालायची बॉडीस. पुडक्यावर तोच दोरा आणि वाकड्या बाळबोध अक्षरांतली चिठ्ठी: 'दोऱ्याप्रमाणे आणले. दोरा देवाचा आहे, म्हणून परत.'

आणि पुडक्यावर ठळक आकडा छापलेला, बाजूला एक इंग्रजी अक्षर. ८०.

"ऐंशी?" सासू धनुबाईने कपाळाला हात लावला. "शहादाना दुकानमा छत्तीसनं वर बॉडीस नही व माय! ऐंशीमा तं आपली बैलजोडी समाई जाई."

अनुसयाबाई हसली नाही. "सिस्टरना डोयामा मी इतली मोठी शे का?"

"दुसरीनं व्हई ते. पुडकं फोडू नको. जसं उनं तसं पोस्टमा दी टाक." धनुबाई जरा थांबली. "नि बुवाले निरोप धाड. पाळणा दुसरी कोनी म्हनी."

तेवढ्यात सणाची नवी चोळी घेऊन दगूबाई आली. गावातल्या साऱ्या चोळ्या तिच्या हातच्या. टेप कायम गळ्यात, जशी एखादीच्या तुळशीमाळ.

"सणना दिन रडी काय ऱ्हायनी व?"

धनुबाईने आकडा दाखवला. अनुसयाबाईने चिठ्ठी वाचून दाखवली. दगूबाईने ऐकलं आणि पुडक्याला हातही लावला नाही.

"मंग दोराले इचारूत ना," ती म्हणाली. "पुडकाले काय इचारतीस?"

तिने दोरा टेपवर ताणून धरला. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत.

"साडेएकतीस."

"देख!" धनुबाई म्हणाली. "कोठे एकतीस नि कोठे ऐंशी!"

दगूबाईने टेप डोळ्यांजवळ धरली. टेप नवी होती. कापड वाराऐवजी मीटरवर विकलं जाऊ लागलं, तेव्हा शहाद्याच्या व्यापाऱ्याने तिला दिलेली. टेपच्या पाठीवर सरकारी मापाच्या, सेंटिमीटरच्या बारीक बारीक रेघा होत्या. दगूबाईने ती बाजू कधी वापरली नव्हती. इंचाने जन्म गेला, मरताना कशाला नवं शिकायचं, असं म्हणायची.

तिने टेप उलटी केली. दोरा पुन्हा लावला. अंगठा गाठीवर दाबला. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा लावला.

"अनू, वाच बरं. मन्हा अंगठाखाल काय शे?"

अनुसयाबाई वाकली.

"ऐंशी."

धनुबाईने पुडक्यावरचा आकडा पुन्हा पाहिला.

"त्यासना मुलूखनं माप बारीक शे, माय," दगूबाई म्हणाली. "तू जितली व्हती तितलीच शे. नि ऐंशीनं बाजूले हाई इंग्रजी अक्षर देखस का? ते दुसरी गाठनं, छातीवरनं माप व्हई. तुन्ही सिस्टरनी एक बी गाठ वाया जाऊ दिन्ही नही."

अनुसयाबाईने पदर डोळ्यांना लावला. साता समुद्रापार, थंडीच्या मुलखात, एक बाई हा दोरा पिशवीत घेऊन दुकानात गेली होती.

धनुबाई एकदम उठली. "मंग बठी काय ऱ्हायनी व? फोड ना पुडकं! ऊन डोकावर उनं. राम काय तुन्हासाठे थांबी?"

बरोबर बाराला गुलाल उडाला. अनुसयाबाई पाळण्याजवळ उभी राहिली, पाठ ताठ. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला धनुबाईने डोळे मिटून घेतले आणि बुवांनी चिपळ्या हवेतच धरल्या. सूर तिसऱ्यातून निघाला आणि मध्ये न तुटता चौथ्यात गेला. बुवांच्या चिपळ्यांनाच धावत मागून यावं लागलं.

आरती झाल्यावर तिने तो दोरा पाळण्याच्या दोरीला बांधला. देवाचा होता, देवाकडे गेला.

तेव्हा मायबाप, आता एक एक करून पुढे या आणि रामाला झोका द्या. दोरी ओढताना दोन गाठी हाताला लागतील. लागल्या की एल्साबाईचं नाव एकदा मनात घ्या.